शिरगणती, दिवाडी

घर क्रमांक एकशे सोळा. कुलूप.
एकशे सतरा. कुलूप, त्यावर मुंग्यांची रांग.
एकशे अठरात कुत्रा आहे,
कुत्र्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.
शेजारीण सांगते, सगळी स्विंडनला,
नाताळात येतील, आली तर.
मी लिहिते: शून्य.

एकशे एकोणीसला विसेंत बार्रेटो,
वय ब्याऐंशी, एकटा.
खुर्ची देतो, कोकमाचं पाणी देतो,
आणि मी नाव विचारण्याआधीच म्हणतो,
"लिही बाय. तिसरा वांगड."
वांगडालाही रकाना नाही.

मग तो सांगत बसतो.
गावकरीच्या बैठकीला नऊ वांगड, नऊ मतं.
पहिल्यात साठ डोकी, तिसऱ्यात आम्ही चार,
तरी साठांचं एक, चारांचं एक.
नववा नको म्हणाला की बैठक उठायची,
विडा तबकात तसाच सुकायचा.
"बांध फुटतो ना बाय,
तो माणसं जास्त तिथेच फुटतो असं नाही.
जिथे फुटेल तिथल्याला
विचारायला नको?"

विचारायला हवं.
मी मान हलवते. पेन मात्र थांबतं.

कारण त्या नवांत माझा बाप नव्हता.
तो बांधावर होता, कमरेइतक्या चिखलात,
भरती चढायच्या आत मानशीच्या फळ्या घालत.
भाटकाराच्या जमिनीवर, झावळ्यांच्या खोपीत जन्मलेला
मुंडकार.
बैठकीच्या दिवशी पायऱ्यांखाली उभा,
काय ठरलं ते ऐकायला,
ठरवायला नाही.
त्याला पहिल्यांदा कुणी मोजलं
ते त्रेसष्टच्या डिसेंबरात, शाळेच्या ओसरीवर.
रांगेत भाटकाराच्या मागे उभा होता,
आत गेला तेव्हा एक,
भाटकारही एकच.
शाईचं ते बोट म्हणे आठ दिवस
त्याने पेजेला लागू दिलं नाही.

डोकी मोजणं म्हणजे काय,
हे मला कुणी शिकवू नये.

आणि तरी.
दिल्लीला आमचे दोन जातात, वरच्या सभागृहात एक.
तिघंही एका रिक्षात मावतील, सामानासकट.
आज लिहिलेल्या प्रत्येक शून्याने
मीच त्यांना हलकं करत आले सकाळपासून.
ही नदी, हे खाजन, कोरगुटाचं हे उभं शेत
कुठल्याच बेरजेत येत नाही.
पण तिकडे गंगेकाठी माझ्यासारखीच एखादी मास्तरीण
पिशवी घेऊन दारोदार फिरत असेल,
एकाच उंबऱ्यावर अठरा नावं लिहीत असेल.
तिच्या अठरांना मी कुठल्या तोंडानं सांगू,
तुम्ही मिळून एक व्हा?

एकशे वीस. डागडुजी चाललेलं घर, मालक लिस्बनला.
मागच्या शेडमध्ये सहा गवंडी, गयेकडचे,
आठ महिने इथेच राहतात, इथेच रांधतात.
म्हणजे नियमाप्रमाणे इथलेच.
मी सहा नावं लिहिते, सावकाश, वेलांट्या विचारून.
विसेंत कुंपणावरून बघत असतो.
"हे कुठल्या वांगडाचे गे?"
तो हसतो. मला हसू येत नाही.
आमचे दोन दोनच राहिले
तर या सहांच्या डोक्यांवर राहतील,
आणि हे सहा
अजून पायऱ्यांखालीच आहेत.

सांजेला धक्क्यावर येते.
सकाळी याच फेरीबोटीत पाय ठेवायला जागा नव्हती,
खलाशी ओरडत होता, गाड्या मधे घ्या,
सगळं एका अंगाला नको.
आता मी, आणि फॉर्मांची पिशवी.

"सुटणार का?"
"वेळ झाली की सुटते."
"एकच माणूस असला तरी?"
दोर सोडता सोडता तो म्हणतो,
"कुणी नसलं तरी.
पलीकडे कोण उभं असेल
ते इथून कसं मोजणार?"